न झालेल्या भाषणाचा वृत्तांत

“छापायला देण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे फार समजूतदार असतात, चुकलेलंही गोड मानून घेतात.”

शाळेचं वर्तमानपत्र आणि वार्षिकांक यांचं काम माझ्याकडे सोपवताना निवृत्त होणाऱ्या मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या. मी मान हलवली. होकार द्यायला मला मान पुरते.

माझा आवाज हा शाळेतला जुना विनोद आहे. पहिल्या दोन रांगांना मी शिकवते, मधल्या रांगा अंदाजानं शिकतात, आणि शेवटच्या रांगेला मी म्हणजे फळ्यापुढे ओठ हलवणारी एक शांत बाई. यात थोडा दोष देवाचाही आहे. रोज सकाळी मी ज्याच्याशी बोलते त्याला मनातलंही ऐकू येतं. त्यानं माझी सवय बिघडवून ठेवली आहे.

माझे नेम दोनच. सकाळची पूजा आटोपेपर्यंत मौन, आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, लिहायचं नाही. दुसरा नेम ऐकायला भारदस्त वाटतो खरा, पण जी बाई बोलतच नाही तिचं तो पाळायला काय जातंय?

तर त्या वर्षी आमचं वर्तमानपत्र एका सामन्यानं गोत्यात आणलं. अंक शुक्रवारी वाटायचा आणि छापखान्याला मजकूर बुधवारी हवा, म्हणून मधल्या दिवसांत जे घडणार ते मुलं आधीच लिहून टाकत. ही पद्धत माझ्याही आधीपासूनची. गुरुवारी सामना होता. मुलांनी बुधवारी आपल्या शाळेला जिंकवलं, गोलरक्षकाच्या अभेद्य बचावाचं भरभरून कौतुक केलं. प्रत्यक्षात समोरच्या संघाची बस रस्त्यातच बंद पडली आणि सामना झालाच नाही. गोलरक्षकाच्या आईचा फोन आला. “माझा मुलगा गालगुंड होऊन पलंगावर पडलाय, आणि तुमच्या पेपरात उड्या मारतोय.”

मुख्याध्यापक सरांनी मला आणि संपादक मुलीला बोलावून घेतलं. सर कानात कुजबुजले तरी फाटकावरच्या शिपायाला कळतं, त्यामुळे आमची खरडपट्टी सगळ्या शाळेनं बसल्या जागी ऐकली.

“बाई, हे वर्तमानपत्र आहे की राशिभविष्य?”

मी मान खाली घातली.

“तो फोटो स्टुडिओवाला माझ्या मागे लागलाय. वार्षिकांक आम्हाला द्या म्हणतो. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, मजकूरही तोच लिहिणार. मुलांची कटकट नाही. देऊन टाकतो पुढच्या वर्षीपासून.”

“सर, नको,” संपादक मुलगी म्हणाली. तिला सगळे कात्री म्हणतात. कुणाचाही लेख हातात आला की ती आधी अर्धा करते आणि मग वाचते. “स्टुडिओवाले प्रत्येकाच्या फोटोखाली एक फूल काढतील आणि ‘उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ लिहितील. सगळ्यांना तेच.”

“मग? शुभेच्छा वाईट असतात का?”

“आम्ही प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहितो, सर. पुढच्या वर्षी आमचा वर्ग बाहेर पडणार. मला माझ्या मित्रमैत्रिणींच्या नावाखाली फुलं नकोत.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी बोललेही. त्यांनी “काय?” म्हणून विचारलं, तेव्हा मी “काही नाही” म्हणाले.

पण कात्रीनं सोडलं नाही. वार्षिकांक निरोप समारंभाच्या शेवटी वाटतात, आणि त्याच्या शेवटच्या पानावर त्याच समारंभाचा वृत्तांत असतो. म्हणजे तो आधी लिहिण्यावाचून गत्यंतरच नाही, हे तिनं सरांना पटवून दिलं. सर थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले.

“ठीक आहे. लिहा आधी. मी ते पान घेऊन स्टेजवर बसणार. जे घडेल त्या वाक्यापुढे खूण करणार. एक वाक्य जरी खुणेवाचून राहिलं, तर हा तुमचा शेवटचा अंक. सगळी घडली, तर स्टुडिओवाल्याला मी पुन्हा चहाही विचारणार नाही.”

मग आम्ही विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसून असा वृत्तांत रचला, की जो खोटा ठरवणं निसर्गालाही जमू नये. सर्वांचे स्वागत झाले. माइक दोनदा बंद पडला. मुख्याध्यापकांचे भाषण झाले. कात्रीनं लिहिलं होतं, ‘मुख्याध्यापकांनी “दोनच शब्द बोलतो” असे म्हणून सुरुवात केली आणि बराच वेळ घेतला.’ ते मी खोडलं. बरं दिसत नाही म्हणून. संपूर्ण पानात त्याच्याइतकं खात्रीचं वाक्य दुसरं नव्हतं.

प्रूफ आलं ते सकाळी, घरी. छापखानेवाल्या काकांचा निरोप होता की मशीन सुरू व्हायच्या आत परत हवं. माझी पूजा व्हायची होती, म्हणजे मौन. आणि मोठ्या बाईंनी तर मोठ्यानं वाचायला सांगितलेलं. मी मनाशी निवाडा केला, की देव आणि मोठ्या बाई यांच्यात देव वरिष्ठ. डोळ्यांनी वाचलं. ऱ्हस्वदीर्घ तपासले, दोन ठिकाणी टिंबं दिली, खाली ‘तपासले’ असं लिहून सही केली आणि प्रसन्न मनानं पूजेला बसले. त्या दिवशी देव माझ्याकडे बघून हसत असावा. मला वाटलं, आशीर्वाद देतोय.

समारंभाच्या आठवड्यात अंकांची खोकी आली. कात्रीनं पहिलं खोकं फोडलं, वरचा अंक काढला, शेवटचं पान उघडलं आणि गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते. आमच्या दोघींपैकी ते खातं माझं आहे.

“काय झालं?”

तिनं पान पुढे केलं. शेवटचं वाक्य होतं: ‘समारोपाला वार्षिकांकाच्या बाई माइक बाजूला सारून बोलल्या, सभागृह खळखळून हसले, आणि त्यांचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.’

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“का गं?”

“बाकीची वाक्यं मेल्यासारखी पडली होती, बाई. म्हटलं, एक तरी हलतं असावं. आणि तुम्ही काढालच की. माझं सगळं काढता तुम्ही.”

“मग हे कसं राहिलं?”

“ते तुम्हालाच ठाऊक. मी प्रूफ बघितलं ना. तुम्ही ‘हसले’च्या पुढे स्वल्पविराम घातलात. मला वाटलं, तुम्हाला चालतंय.”

स्वल्पविराम होता. चांगला ठसठशीत होता. खरं होतं ते वाक्य मी खोडलं, आणि खोटं होतं त्याला नटवलं.

“वर पांढऱ्या पट्ट्या चिकटवू या,” मी म्हणाले.

“सगळे आधी तीच पट्टी नखानं खरवडतील. मी तर खरवडेनच.”

शेवटी मी धीर करून सरांकडे गेले. आमच्याकडून एक चुकीचं वाक्य गेलंय, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे माझ्या मते स्पष्ट. सरांनी टेबलावर ओणवं होऊन ऐकलं, पान वाचलं आणि चष्मा काढला.

“अहो, मग बोला की. त्यात काय?”

“सर, मी…”

“हे चुकीचं नाही, बाई, अजून व्हायचं आहे. ठरलं ते ठरलं. मला वाक्य खरं झालेलं दिसलं पाहिजे.”

सरांना भाषण म्हणजे श्वास घेण्यासारखं. पाण्यात कधी न पडलेल्या माणसाला पोहणं किती अवघड वाटतं, ते माशाला काय कळणार.

बाहेर कात्री भिंतीला टेकून उभी होती. प्रूफाखाली सही माझी होती. “बोलेन मी,” मी म्हणाले. “तुझं वाक्य खोटं ठरू देणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

दिला आणि घरची वाट धरली.

घरी सराव सुरू केला. सासूबाई मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसतात, त्यांना कमी ऐकू येतं. मी पुढच्या दारात उभी राहून सुरुवात केली. यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“हे काय चाललंय?”

“भाषण.”

“इतकी वर्षं संसार केला, तुझा चढलेला आवाज कधी ऐकला नाही. आणि आता चढवतेयस तर तोही माझ्यावर नाही?”

“आई, ऐकू येतंय का?” मी आत विचारलं.

आतून काही नाही. मी पुन्हा विचारलं.

“कोण आलंय?” सासूबाई म्हणाल्या.

“मी बोलतेय. ऐकू आलं का?”

“अगं, बोलत असशील तर बोल ना. मी काय देव आहे, मनातलं ऐकायला?”

हे इतके हसले की चष्मा पुसायला लागला. मी घसा खाकरून, पोटातून जोर लावून बघितलं. जो आवाज निघाला तो दाराच्या बिजागरीला शोभला असता. सासूबाईंनी आतून सांगितलं, “त्या दाराला तेल घाला कुणीतरी.” मी सराव थांबवला. उरलेले दिवस प्रार्थना केली. तीही मनातल्या मनात.

समारंभाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. घडीच्या खुर्च्या अगदी मागच्या भिंतीपर्यंत लावल्या होत्या. शेवटची रांग दारापलीकडे व्हरांड्यात गेली नाही, एवढीच देवाची कृपा. कार्यक्रम सुरू होण्याआधी कात्री माझ्या खुर्चीपाशी आली.

“बाई, नका बोलू.”

“का?”

“मी सरांना सांगते, वाक्य माझं, चूक माझी.”

“आणि अंक?”

ती पायानं जमीन उकरत राहिली. “जाऊ दे. फुलं तर फुलं.”

“मी शब्द दिलाय.”

“मी परत दिला समजा.”

“शब्द परत करायला तो काय ग्रंथालयाचं पुस्तक आहे?”

ती हसली नाही. जाऊन शेवटच्या रांगेत बसली. तेव्हा मला आठवलं, की वर्गातही ती तिथेच बसते. जिचा लेख न् लेख मी तपासला, तिनं माझा तास कधी ऐकलाच नव्हता.

सर स्टेजवर पान मांडीवर आणि पेन्सिल हातात घेऊन बसले. स्वागत झालं, खूण झाली. माइक एकदा बंद पडला, अर्धी खूण झाली. मग सर स्वतःच बोलायला उठले. “दोनच शब्द बोलतो,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, तेव्हा शेवटच्या रांगेत कुणीतरी खोकलं, आणि ते कोण होतं ते मला बघायची गरज नव्हती. त्यांचं भाषण रंगात असताना माइक दुसऱ्यांदा गेला. सर इतके खूश झाले, की वाक्य अर्धवट टाकून त्यांनी आधी खूण पुरी केली.

एकेक करत सगळं पान भरलं. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी स्टेजवर गेले. माइक बाजूला सारला. माझ्या पाठीमागे पेन्सिलीची करकर ऐकू आली. समोर इतकी तोंडं होती, की कुणाकडे बघावं कळेना, म्हणून मी मागच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, “तीन वर्षं मी तुम्हाला काय शिकवत होते, ते आज सांगते.”

शेवटच्या रांगेतून एका मुलानं सवयीनं, अगदी नम्रपणे सांगितलं, “बाई, ऐकू येत नाही.”

त्याच्या शेजारच्यानं विचारलं, “सुरू झालं का?”

सगळं सभागृह हसलं. पालक हसले, शिपाई हसला, पहिल्या रांगेतले माझे सहकारी तर डोळे पुसायला लागले. आणि मलाही हसू आवरेना, कारण प्रश्न रास्त होता. पेन्सिल पुन्हा करकरली.

आता शेवटचाच तुकडा उरला. मी छाती भरून श्वास घेतला, तोच बिजागरीचा आवाज काढला आणि तो मधल्या रांगांपाशी विरलेला मला स्वतःला दिसला. पार मागे कात्री मान पुढे काढून, दोन्ही हात कानांमागे धरून बसली होती. बाकी कुणी तसं करत नव्हतं.

शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवेत, असं त्या पानावर होतं. बाईंनी उभं कुठे राहायचं, ते नव्हतं.

मी कठड्याला धरून बाजूच्या पायऱ्या उतरू लागले.

“बाई, निघालात कुठे?” सर कुजबुजले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“जरा मागे जाऊन येते,” मी म्हणाले. ते फक्त त्यांना.

पहिल्या रांगेपाशी थांबून, शेजारी बसून बोलावं तसं, मी माझं पहिलं वाक्य तिथल्यांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. मग तेच वाक्य रांगेरांगेला सांगत मी खुर्च्यांमधल्या अरुंद वाटेनं शेवटच्या रांगेकडे चालू लागले.