चौदा पॉइंट एक

"तात्या, आकडा नीट वाचा. किती दिसतंय?"

बॉनेटखाली टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून माझी मुलगी दिव्या विचारत होती. इंजिन चालू होतं आणि मीटरच्या दोन्ही तारा मी बॅटरीवर धरल्या होत्या.

"चौदा पॉइंट एक."

"मग झालं तर! गाडी बंद असताना साडेअकरा व्होल्ट होतं ना? म्हणजे बॅटरी गेलीय, पण अल्टरनेटर चार्जिंग करतोय. आता इंजिन बंद करू नका. आईला घेऊन सरळ निघा, बॅटरी पिंपरीत बदलू."

मुलगी बरोबर बोलत होती. ती गाड्यांच्या कंपनीत दिवसभर हेच तपासते, मीटरही तिनेच आणून दिलेला. पण मागच्या सीटवर माझी बायको बसली होती. कस्तुराचं पिंपरीच्या हॉस्पिटलात डायलिसिस दहाला होतं. शनिवारचं चुकलं, कारण शनिवारी हीच गाडी कुरुळीतल्या आमच्या दारातून हलली नाही. "एका दिसानं काय हुतंय," असं ती म्हणाली आणि मीही शहाण्यासारखं ऐकलं. दोन दिवसांत तिचं तोंड सुजलं. आज तर तिला आडवंही होता येईना. ती बसून दम घेत होती आणि तो आवाज इंजिनच्या आवाजातूनही मला ऐकू येत होता.

माझ्या डोळ्यांपुढे एकच येत होतं. मोशीची ट्रॅफिक, मागे कंटेनर, पुढे कंटेनर आणि मध्ये आमची गाडी बंद. आत कस्तुरा.

"निघा की तात्या, कशाची वाट बघताय?" शेजारचा रणजीत म्हणाला. त्याच्या पिकअपला केबल जोडूनच आत्ता आमची गाडी चालू झाली होती.

"थांब रे. डायनॅमो बघू दे येकदा."

एकतीस वर्षं मी कामगारांची जीप चालवली. अल्टरनेटरला आम्ही डायनॅमोच म्हणायचो आणि तेव्हा कुठले आलेत मीटर! चालू गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर उपसायची. इंजिन चालत राहिलं तर डायनॅमो चांगला, बंद पडलं तर कामातून गेला. शेकडो वेळा केलंय. नुसत्या आकड्यावर बायकोचा जीव कसा सोपवायचा, सांगा!

"तात्या, वायरीला हात लावू नका! ती जीप नाहीये, आत सगळं इलेक्ट्रॉनिक..."

मी वायर उपसली.

इंजिन चालतच राहिलं. "बघ!" मी ओरडलो. तेवढ्यात गाडीचे सगळे दिवे एकदम भगभगले, आत कुठेतरी चट् झालं आणि इंजिन थांबलं. वायर परत लावली, रणजीतने केबल जोडली, चावी फिरवली. स्टार्टर नुसता फिरत राहिला, इंजिन काही चालू होईना.

"तात्या, काय केलंत हो... बॅटरी काढल्यावर व्होल्टेज उसळलं, आतलं इलेक्ट्रॉनिक जळलं!" फोनमधून दिव्या रडवेली झाली.

गाडी बंद पडेल म्हणून मी घाबरलो होतो आणि बंद पाडली ती मीच. रणजीत खेकसला, "सोडा ती! काकूला पिकअपमदी घ्या!"

मोशीला अडकायचं तिथे अडकलोच. कस्तुराचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी दर मिनिटाला तिला हाक मारत होतो आणि ती "हाय, हाय मी," म्हणत होती. एकदा म्हणालीच नाही. मी तिला गदागदा हलवलं. तिने डोळे उघडले, "वरडू नका," म्हणाली. तेवढं ऐकून मला रडू आलं.

पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. करिष्मा सिस्टरने आधी ऑक्सिजन लावला, मग मशीन जोडलं आणि मग माझ्याकडे वळली.

"आधीच एक वेळ चुकलेली, त्यात हा उशीर! अजून थोडं थांबला असता तर जिवावर बेतलं असतं. काय करत होतात घरी?"

सांगायला मी तोंड उघडलं. कस्तुराने मोकळ्या हाताने मास्क बाजूला केला.

"मलाच आवराया येळ लागला, सिस्टर," ती म्हणाली. "ह्ये कवाचे गाडी चालू करून हुबे हुते."

मी खाली वाकून तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिलो.