मिस्त्रींनी उलटा बसवलेला स्टार्टर

मित्रांनो, मी एका गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या जुन्या जीपचा स्टार्टर आहे. नाक मुरडू नका! किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका मी देतो. काम दोन-तीन सेकंदांचं, पण तेवढं झालं नाही तर एवढी मोठी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

माझ्या अंगाला एक बारीक भोक आहे. आत शिरलेलं पाणी तिथून गळून जातं. म्हणून मला बसवताना ते जमिनीकडेच हवं. आमचे मिस्त्री हाताखालच्या सगळ्यांना हेच सांगून सांगून दमले, “आधी भोक खाली, मग बोल्ट!” तीस वर्षांत त्यांनी बसवलेला एकही स्टार्टर पाण्याने गेला नव्हता. त्यांच्या हातचा म्हणून मीही भलताच फुशारलो होतो.

मिस्त्रींना एकच मुलगी. तिला गॅरेजमध्येच काम करायचं होतं. “हे मुलींचं काम नाही,” म्हणत मिस्त्रींनी तिच्या हातातला पाना काढून घेतला. ती घर सोडून गेली आणि दूरच्या शहरात गॅरेजमध्येच कामाला लागली. सात वर्षं बापलेकीत अबोला होता. मग एक दिवस तिचं पत्र आलं. ‘गुरुवारी सकाळी आठला माझी आगगाडी तुमच्या स्टेशनवर दहा मिनिटं थांबेल. बाबा, राग गेला असेल तर या. नाही आलात तर समजायचं ते समजेन.’

मिस्त्रींनी पत्र चार वेळा वाचलं. ऐन वेळी दगा नको म्हणून मला काढून साफ केलं. परत बसवताना वायर जरा तोकडी पडली. मिस्त्री घाईत होते, आनंदात होते. त्यांनी मला उलटं फिरवलं, वायर पोचली, बोल्ट आवळले. भोक वर राहिलं. मग लेकीसाठी त्यांनी जीप पाइप लावून वरून-खालून धुतली. पाणी माझ्या पोटात शिरलं आणि तिथेच साचलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे!

गुरुवारी किल्ली फिरली. मी जीव काढून जोर लावला. नुसतं ‘टक्’ झालं. पुन्हा टक्. मिस्त्री आणि त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, धक्का मारून पाहिला. पुढे चढ होता, जीप तसूभर हलली नाही. शेवटी मिस्त्री स्टेशनकडे पळत सुटले.

परतले ते घामाने निथळत. “गेली गाडी,” ते म्हणाले. “हमाल सांगत होता, एक बाई शेवटपर्यंत दारात उभी राहून बघत होती.”

दुपारी त्यांनी मला उघडलं. तांबूस पाणी त्यांच्या हातावर सांडलं आणि त्यांना सगळं कळलं. ते तिथेच जमिनीवर बसून रडले. मला फार वाईट वाटलं.

“तिला लिहा ना,” काकू म्हणाल्या.

“काय लिहू? जन्मभर लोकांच्या गाड्या सुरू करून दिल्या आणि नेमकी माझीच सुरू झाली नाही? कोणाला खरं वाटेल?”

“भोक वर राहिलं, एवढंच लिहा. ती मिस्त्री आहे. तिला कळेल.”

पत्र गेलं. तीन महिने झाले, उत्तर नाही. माझ्या आतल्या तारा जळाल्या, मी आता फळीवर पडून असतो. पोस्टमन गल्लीत शिरला की मिस्त्रींचा हात थांबतो.

मित्रांनो, कितीही घाई असली तरी बोल्ट आवळण्याआधी एकदा वाकून बघत जा. आणि तुमच्याकडे यायला निघालेलं माणूस पोचलंच नाही, तर रागावण्याआधी त्याला एवढं तरी विचारा, “काय झालं होतं हो?”