चावीवाल्यावरचा खटला

फोन आला तेव्हा चावीवाला जेवायला बसत होता. पलीकडचा माणूस म्हणाला, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. चावी आणि मोबाइल दोन्ही आतच राहिलेत, तुम्ही कुलूप उघडा, तोवर मी खाली कॉफी पितो. चावीवाला ताट झाकून निघाला. तिथे दोन इमारती शेजारी शेजारी, रंगसुद्धा एकच. तो नेमका चुकीच्या इमारतीत शिरला. कुलूप उघडलं, पण गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. उघडं घर टाकून जायचं कसं, म्हणून दारातल्या स्टुलावर राखण करत बसला.

तेवढ्यात घरमालकीणबाई आल्या. त्या नाच शिकवायच्या, आवाज खणखणीत. अख्खी इमारत गोळा झाली, पाठोपाठ पोलीस. फोन कॉफीच्या दुकानातून केलेला निघाला आणि तिथे कोणाला काही आठवेना. चावीवाल्यावर घरफोडीचा गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, पण धंदा बसला. तो खचला की बायको म्हणायची, "तुम्ही चोर असता तर आपण इतकी वर्षं या फाटक्या सोफ्यावर बसलो असतो का?"

पुढे एकदा लाँड्रीत बाईंना शेजारच्या इमारतीतला एक माणूस भेटला. तो करवादत होता, की चावी आत राहिली, चावीवाल्याला फोन केला, पण तो उगवलाच नाही. शेवटी बहिणीकडे झोपायला गेलो. बाईंनी कधीची गोष्ट ते विचारलं, तर दिवस तोच निघाला. त्याला दंडाला धरून त्या थेट सरकारी वकीलबाईंकडे गेल्या.

तारखेला चावीवाला मेव्हण्याचा कोट घालून कोर्टात आला. आरशासमोर घोकलेलं निवेदन ओठांवर होतं. वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, नवा साक्षीदार मिळाला आहे, आरोपीचा चोरीचा हेतू नव्हता, सरकार हा खटला मागे घेत आहे. न्यायाधीशांनी साक्षीदाराचा जबाब वाचून परवानगी दिली.

"पण मला बोलायचं होतं," चावीवाला म्हणाला.

"कोणाविरुद्ध बोलणार? खटलाच उरला नाही," न्यायाधीश म्हणाले. कोर्ट हसलं. बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेर आल्यावर बायकोने वकीलबाईंना गाठलं. हे निर्दोष ठरले की नाही, ते तिला स्वच्छ कळायला हवं होतं. त्या म्हणाल्या, तसं ठरवायला खटला चालवावा लागतो. इथे चालवण्याजोगं काही नाही, असं सरकारच म्हणतंय.

"म्हणजे चूक तुमची?"

"बरीचशी. पण इमारत तेवढी यांनी चुकवली."

नाचाच्या बाई कडेला अवघडून उभ्या होत्या. त्यांनी चावीवाल्याची माफी मागितली आणि मग जरा चाचरत म्हणाल्या, की माझं कुलूप तुम्ही इतकं सहज उघडलंत, तेव्हापासून मला झोप नाही. चांगलंसं बसवून द्याल का?

"देतो की," चावीवाला म्हणाला. "पण दारापर्यंत तुम्हीच घेऊन चला."

बायकोही निघाली. या दोन इमारती इतक्या सारख्या आहेत तरी किती, ते तिला एकदा बघायचंच होतं.