तिच्या मनगटावरचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी, पत्र्याची रंगाची डबी आहे. झाकण चेपलंय, तळाशी उरलेला गडद तपकिरी लेप भेगाळलाय. पण एके काळी माझा तोरा काही विचारू नका.

मालिकांच्या मेकअपच्या खोलीत मी होते. आमच्या मेकअपदादांच्या पेटीत गोऱ्या रंगाच्या चार डब्या होत्या. त्या महिनाभरात खरवडून रिकाम्या व्हायच्या. मी मात्र तळाशी पडून. कोणाला चोर नाहीतर भिकारी करायचं असलं, की माझी आठवण यायची. त्याचंही मला काही वाटत नसे, खोटं कशाला बोलू?

मग एका काळ्या मुलीची मालिका आली. रंगावरून सगळ्यांनी हिणवलेली मुलगी पुढे नामांकित वकील होते, अशी गोष्ट. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींची भाची तिथेच इस्त्री करायची. रंगाने चांगली काळी, आवाज खणखणीत. तिने ऑडिशन दिली. कोर्टातलं लांबलचक भाषण तिला तोंडपाठ होतं. ते ऐकताना दिवे लावणारेसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिले.

दिग्दर्शक म्हणाले, "काम झकास करतेस गं. पण पडद्यावर चेहरा जरा उजळ लागतो."

काळ्या मुलीच्या भूमिकेसाठी ती जास्तच काळी ठरली. भूमिका एका गोऱ्यापान नटीला मिळाली आणि माझं नशीब फळफळलं.

आता रंग नेमका कसा हवा, ते दादांना कळेना. त्यांनी भाचीला हाक मारली, "ए पोरी, जरा हात दे बघू." तिच्या मनगटावर माझा ठिपका लावत, थोडं हे थोडं ते मिसळत त्यांनी रंग जुळवला. ठिपका दिसेनासा झाला तेव्हा म्हणाले, "जमलं." मग रोज सकाळी तेच. ती मुकाट्याने बाही वर करायची. लोक म्हणायचे, काय खरा वाटतो रंग. दादांना बक्षीस मिळालं, आणि मी तर हवेतच होते.

उन्हाळ्यात नटीला घाम फुटला. मी ओघळून तिच्या पांढऱ्या कॉलरवर उतरले. भाचीने ती कॉलर तीन-तीनदा धुतली, डाग काही जाईना. शेवटी ती दादांपुढे धरून शांतपणे म्हणाली, "दादा, माझा रंग कपड्याला लागत नाही."

दादांनी घाईघाईने माझं झाकण लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दादांनी हाक मारली, तर मावशी म्हणाल्या, "ती आता येणार नाही. आणि आली असती तरी मी तिला हात देऊ दिला नसता."

ते भाषण पुढे नटीच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलं. भाचीसारखं एकदाही झालं नाही. दादांनाही ते ठाऊक होतं, पण त्यांनी तिच्यासाठी कधी एक शब्द टाकला नाही. मला तर तोंडच नाही. तरी राहून राहून वाटतं, त्या पहिल्या सकाळी मी तिच्या मनगटावर जुळायलाच नको होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आम्हाला जपा म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला सुकू द्या, खुशाल फेकून द्या. पण उद्या तुमच्यातलं कोणी त्या खोलीत काम करायला गेलं, तर एवढं माझं ऐका. जिच्या हातावर रंग जुळवाल, तिलाच आरशासमोरच्या खुर्चीवर बसवा.