राणीसमोरचा शॉट

"आधी नाकाच्या हाडावर हात ठेव. मुखवटा नाकावर उभा राहतो, गाल नुसते सोबतीला असतात."

मुखवटे घडवणाऱ्या आत्याने शिकवलेलं हे वाक्य मनात घोळवतच तिने साहेबांच्या नाकावर अंगठा टेकवला. मुखवटा नाकावर उभाच राहत नव्हता. डाव्या डोळ्याखाली बोटभर फट पडली होती, आणि त्या फटीतून सिनेमाच्या नायकाचा पावडर लावलेला गाल डोकावत होता.

"खाज सुटतेय हो," साहेब म्हणाले.

"दोन मिनिटं," म्हणत तिने मुखवटा उतरवला.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. चेहऱ्याचा साचा काढायला साहेबांना तीनदा बोलावलं होतं, तिन्ही वेळा ते आले नाहीत. शेवटी दिग्दर्शकाच्या सहायकाने त्यांच्या डुप्लिकेटला पाठवून दिलं होतं. 'अंगाने दोघं सारखेच आहेत, उरकून टाका,' म्हणाला, आणि तिने उरकलं होतं. सकाळचं पहिलं काम मनासारखं झाल्याशिवाय चहाही न घेणारी ती, त्या दिवशी उरकून मोकळी झाली होती. चार महिने ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चार महिने मुखवटा त्या डुप्लिकेटच्याच तोंडावर होता. घोड्यावर तोच, तटावरून झेप घेणाराही तोच. सगळे त्याला उड्या म्हणत.

आज शेवटचा शॉट होता. मुखवटाधारी वीर राणीसमोर येऊन उभा राहतो. राणी त्याच्या डोळ्यांत बघते आणि आपल्या हरवलेल्या राजपुत्राला ओळखते. मग तो मुखवटा काढतो. ते डोळे पडदाभर दिसणार होते.

दिग्दर्शकाने मुखवटा पुन्हा लावून बघायला सांगितला, आणि फट बघून कपाळावर हात मारला.

"हे आत्ता कळतंय?"

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "साचा साहेबांचा नाही, उड्याचा आहे."

दिग्दर्शक दोन फेऱ्या मारून आला. "मग असं करू. डोळ्यांचा शॉट उड्यावरच घेऊ. पडदाभर डोळे, ते कोणाचे हे कोण विचारायला येतंय? साहेब मुखवटा काढल्यावर. काय रे उड्या?"

"चालेल," उड्या एवढंच म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले.

साहेबांनी घसा खाकरला. दिग्दर्शक पुन्हा तिच्याकडे वळला.

"होईल का दुरुस्त? खरं सांगा, बाई. दोन तासांत होणार असेल तरच साहेबांवर घेऊ. नाहीतर उड्या."

सगळे तिच्याकडे बघत होते. उड्या तेवढा जमिनीकडे बघत होता.

मुखवटा चढवता-उतरवताना उड्या त्याच्या आईबद्दल बोलायचा. आईची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. वर्षभर पुरली तर खूप, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचे एकवीस सिनेमे तिने पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी विचारलं होतं, "यात तू कुठला?" त्याने आपली पाठ दाखवली की म्हणायची, "पाठ काय, सगळ्यांनाच असते."

"होईल," ती म्हणाली.

कामाच्या खोलीत उड्या आपणहून मागोमाग आला आणि दिवा धरून उभा राहिला. नाकाच्या दोन्ही बाजूंना तिने आतून नमद्याची जाड लोकरी पट्टी लावली, वर मऊ चामडं घेतलं आणि टाके घालू लागली.

"राग आला?"

"कशाला? तुमचं काम आहे ते."

"नाही होणार, असं म्हणता आलं असतं मला."

"आलं असतं की." तो हसला. "पण मग पुढच्या वेळी तुम्ही मला मुखवटा बांधला असता, आणि मला वाटत राहिलं असतं, बाई खरं बोलतायत ना? आम्ही तीस फुटांवरून उडी घेतो, ताई. डोळ्यांची भोकं इकडची तिकडे झाली, की आई विचारणार, यात तू कुठला, आणि उत्तर द्यायला मी नाही."

"काहीतरीच बोलतोस." तिने दोरा दातांनी तोडला. "दिवा जरा खाली घे."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "सिनेमा लागेल तेव्हा मी इथे नाही. दुसरं काम लागलंय, समुद्रापलीकडे. शेजारची मुलगी आईला नेईन म्हणते. पण मुखवट्यात मी कुठे, साहेब कुठे, ते तिला कळायचं नाही."

"मी नेते. पडद्यावर तू आलास की त्यांच्या हातावर बोट ठेवीन."

"ओळखाल?"

"चार महिने बांधलाय तुला."

दोन तासांनी मुखवटा साहेबांच्या नाकावर ताठ उभा राहिला. शॉट पहिल्याच फटक्यात झाला. टाळ्या वाजल्या, उड्यानेही वाजवल्या.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी वही घेऊन ती संकलन करणाऱ्या मुलीकडे गेली. उगाच अंदाजाने सांगायला नको, म्हणून. मुलीने सिनेमा सुरू केला, आणि ती प्रत्येक जागा लिहू लागली: वाळवंटातली दौड, पूल, बाजारातली मारामारी, तट. चौथं पान उलटलं तेव्हा मुलीने चित्र थांबवलं.

"अहो, किती लिहाल? सगळीकडे हाच आहे. त्यापेक्षा उलट करा ना. मुखवट्यात साहेब कुठे आहेत, तेवढंच लिहा."

"किती वेळ आहेत?"

मुलीने आकडे बघितले. "सव्वा मिनिट. राणीसमोरचा शॉट, बस्स."

तिने पेनला टोपण लावलं. चारही पानं फाडली आणि घडी करून टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीला कुलूप घालून ती उड्याच्या आईला न्यायला निघाली. बस जवळजवळ रिकामी होती. खिडकीशी बसून ती मनातल्या मनात म्हणून बघत होती: आई, बोट सुरुवातीलाच ठेवते आणि तसंच राहू देते. इथपर्यंत सोपं होतं. राणी डोळ्यांत बघेल तेव्हा मात्र बोट उचलावं लागणार होतं, आणि नेमकं तेव्हाच त्या माउलीने वळून विचारलं, "हा तोच ना?", तर काय सांगायचं ते अजून ठरत नव्हतं.

थांबा आला. ती उतरली आणि घराचा नंबर शोधत चालू लागली.