धुराड्याची थोरली बहीण

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. शहराच्या कडेला, छावणीच्या पलीकडे पडेगावात कृष्णा आणि मंजुषाचं घर आहे. त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी राहते. माझी गोष्ट सांगण्याआधी एक कबूल करून टाकते. मी हेवेखोर आहे. शेगडीनं कसला हेवा करायचा, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या घरी धाकटं भावंड आलं, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि तुम्ही दाराशी उभे राहिलात, तो दिवस आठवून बघा. मग मला नावं ठेवा.

मला कृष्णानंच बनवलं. तेव्हा तो आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होता. जुन्या ड्रमचं बूड कापून त्यानं माझं पोट केलं, सळईचे तीन पाय जोडले आणि वर जाळी बसवली. त्याच्या हातची ती पहिली वस्तू. वेल्डिंग इतकं वेडंवाकडं झालं, की शिकवणाऱ्या सरांनी मला उलटी करून सगळ्या वर्गाला दाखवली. "हे वेल्डिंग आहे की गोधडीला टाके घातलेत?" असं ते म्हणाले आणि पोरं हसली. कृष्णानं मात्र मला पोत्यात गुंडाळलं आणि एसटीनं वेरूळजवळच्या आपल्या वाडीवर नेलं.

त्याच्या आईनं, सारजाबाईनं, मला चारी बाजूंनी न्याहाळलं. "माझ्या लेकानं केली," असं ती येईल त्याला सांगत सुटली. त्याचे वडील मल्हारी आबा जन्मभर मेंढरं राखलेले. त्यांनी माझ्यावर हात शेकले, तेवढंच. पुढं दहा-बारा हिवाळे मी त्या घरी भाकरी शेकल्या, कणसं भाजली, गारठलेल्या कोकरांना ऊब दिली. मला दुसरं काही नको होतं.

मग कृष्णाला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव मार्तंड. डिसेंबरातलं बाळंतपण. सारजाबाई मला मांडीवर घेऊन शहरात आली. तिला खोलीत बाजेखाली शेगडी ठेवायची होती, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून बाळाला धुरी द्यायची होती. मंजुषा बी.एस्सी. झालेली. ती दारातच आडवी आली.

"आत्याबाई, बाळाच्या खोलीत धूर नको. बंद खोलीत शेगडी तर मुळीच नको."

"आम्ही सहा लेकरं धुरीवरच वाढवली की गं!"

"वाढली, ते नशीब. मी नशिबावर नाही सोडणार."

शेवटी मला उंबऱ्याबाहेर, उघड्यावर जागा मिळाली. बाळाच्या अंघोळीचं पाणी माझ्यावर तापे, मालिशचं तेल माझ्याजवळ कोमट होई. मंजुषा दिवसातून दहा वेळा माझ्याकडे बघायची, मग पाळण्याकडे, आणि मधलं अंतर डोळ्यांनीच मोजायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी आणि ती, आम्ही दोघी एकाच बाळाची राखण करत होतो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा हिवाळा.

आणि मग तो आला.

कृष्णाला मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. एका रविवारी त्यानं भंगार बाजारातून हवेच्या कॉम्प्रेसरची जुनी टाकी आणली. भलीमोठी, आडवी, म्हशीच्या पोटासारखी. "आपण घरीच स्मोकर बनवायचा," तो म्हणाला. बाजूच्या लोखंडी पेटीत लाकडं जळणार, त्यांचा गरम धूर टाकीतून फिरणार, टाकीत ठेवलेलं मटण त्या धुरावर हळूहळू शिजणार आणि धूर पलीकडच्या नळकांड्यातून वर जाणार. असा सगळा बेत.

सारजाबाईला फोनवर हे समजावता समजावता त्याला घाम फुटला.

"जाळ एकीकडं अन् मटण दुसरीकडं?" ती म्हणाली. "मग शिजवतं कोण, शेजारीण?"

तिनं त्याचं नाव धुराडं ठेवलं, आणि तेच चिकटलं.

चार महिने प्रत्येक रविवार त्या धुराड्याचा झाला. कृष्णा आधी कागदावर आकृती काढायचा, मग खडूनं लोखंडावर. ग्राइंडरच्या ठिणग्या शेडभर उडायच्या. टाकीला कापून झाकण केलं, त्याला जाड बिजागऱ्या लावल्या. जाळाच्या पेटीला खाली एका कडेला वारा आत यायला भोक ठेवलं आणि त्यावर सरकती झडप बसवली. प्रत्येक जोड तो घासून गुळगुळीत करायचा आणि वरून बोट फिरवायचा, मार्तंडाच्या गालावरून फिरवतो तसं. माझ्या जोडावरून त्यानं कधी बोट फिरवलं होतं का? आणि हे सगळं करताना तो बसायचा कशावर, माहीत आहे? माझ्यावर! मला उलटी करून, पायांमध्ये फळी अडकवून त्यानं माझं स्टूल केलं होतं. माझ्या पाठीवर बसून त्यानं माझा धाकटा भाऊ घडवला. तुम्हीच सांगा, मी काय गोड हसायला हवं होतं?

मंजुषा तरी माझ्या बाजूची असेल असं वाटलं होतं. पण तीही त्याच्यात गुंतली. धुराच्या नळकांड्यासाठी कृष्णानं चकचकीत पाण्याचा पाईप आणला, तेव्हा तिनं तो हातात घेऊन उजेडात धरला.

"अहो, याला जस्ताचा लेप आहे. हा तापला की विषारी वाफ निघते. माझं लेकरू खाणार आहे यातलं."

"थोडासा तर पाईप आहे."

"थोडासाही नको."

कृष्णा पुटपुटत गेला आणि साधा काळा पाईप घेऊन आला. ती काळजी मार्तंडाची होती, हे मला कळत होतं. तरी मला वाटलं, माझ्या बाबतीत कुणी एवढी चौकशी केली होती? धाकट्याला सगळं निवडून, पारखून. मला मिळालं ड्रमचं बूड.

धुराडं पुरं झालं त्या दिवशी मंजुषाचा भाऊ अभय आला होता. त्यानं झाकण उघडझाप करून पाहिलं, दिसेल त्या कोनातून फोटो काढले आणि मला पायानं जरा बाजूला सरकवून विचारलं, "दाजी, हे डबडं कशाला ठेवलंय?"

कृष्णा हसला. "मार्तंडाच्या जावळाला धुराडं नीट चालू दे, मग हिला भंगारात देतो. उगाच जागा अडवते."

मित्रांनो, त्या क्षणापासून माझी एकच इच्छा उरली. धुराडं चालू नये.

जावळाचा दिवस ठरला. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे पहिले केस काढायचे, बकरं कापायचं, भावकीला जेवायला बोलवायचं. रस्सा भावकीतल्या आवडाबाई तीन दगडांच्या चुलीवर करणार होत्या. बकऱ्याच्या दोन्ही रानी, म्हणजे मागच्या मांड्या, मात्र कृष्णानं धुराड्यासाठी मागून घेतल्या. सगळ्या भावकीसमोर, त्यातही आबांसमोर, त्याला आपली कारागिरी दाखवायची होती.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला कृष्णा मसाला आणायला शहागंजला गेला होता. मंजुषा बाळाला भरवत होती. सारजाबाई एकटीच शेडमध्ये आली. नवी चूल पहिल्यांदा पेटवायची तर तिला आधी पोतारायला हवी, ही तिच्या घरची रीत. लोखंडाची असली म्हणून काय झालं? तिनं शेण-मातीचा काला केला आणि जाळाच्या पेटीला बाहेरून छान हात फिरवला. हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग तिला ते खालचं भोक दिसलं. ती वाकली, आत बोट घालून पाहिलं. "एवढं नवंकोरं, अन् उंदरानं आत्ताच वाट केली व्हय?" असं म्हणून तिनं मातीचा मोठा लपका घेतला आणि भोक झडपेसकट लिंपून टाकलं. वरून हात फिरवून सपाट केलं.

मी सगळं पाहिलं. मला बोलता येत नाही, हे खरं. पण त्या संध्याकाळी बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कृष्णानं जाळ केला. आईनं पोतारलेलं पाहून त्यानं हात जोडले, बारकाईनं काही बघितलं नाही. पेटीचं दार उघडं होतं तोवर लाकडं झकास पेटली. लोखंड तापलं. रानी टाकीत गेल्या. मंजुषानं खडूनं जमिनीवर धुराड्याभोवती दोन हातांवर रेघ ओढली आणि सगळ्यांना बजावलं, "लेकरू घेऊन या रेघेच्या आत कुणी यायचं नाही."

"रेघ लेकराला वाचता येती का गं?" आबांनी विचारलं. मग धुराड्याकडं बघून म्हणाले, "अन् हे काय? मेंढरं वाड्यात गारठली अन् घोंगडी बाभळीला पांघरली, तसं चाललंय तुझं, कृष्णा."

भावकी हसली. मी अंगणाच्या कडेला मार्तंडाच्या अंघोळीचं पाणी तापवत होते. मीही मनात हसले.

कृष्णानं पेटीचं दार लावलं आणि माझी इच्छा फळाला आली. वारा बंद झाला. जाळ गुदमरला. दाराच्या फटीतून, झाकणाच्या कडेनं, जिथून वाट मिळेल तिथून पिवळट, कडू धूर बाहेर लोटला. माणसं खोकत उठली. आवडाबाई रश्श्यावर ताट झाकून पळाल्या. अभयच्या कडेवर मार्तंड होता. अभयला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं आणि डोळे पुसायला त्यानं बाळाला क्षणभर खाली ठेवलं.

मार्तंड तेरा महिन्यांचा. नुकताच चालायला लागलेला. धुरात त्याला रेघ दिसली नाही, दिसला तो हळदीकुंकवाच्या बोटांचा लाल-पिवळा रंग. तो हात पुढे करून डुलत डुलत तापलेल्या पेटीकडे निघाला.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, लागू दे. एकच बोट. जरासा चटका. मग हे धुराडं या घरात एक दिवसही राहणार नाही.

ज्याच्या अंगाला माझी ऊब लागली होती, त्या बाळाबद्दल मी असा विचार केला. पुढच्याच क्षणी माझ्या पोटातले निखारे गार पडल्यासारखे झाले. पण शेगडीला पाय असून धावता येत नाही.

धावली मंजुषा. धुरातून ती सरळ आत शिरली, मार्तंडाला झबल्याला धरून मागे ओढलं, आणि वळताना तिचं कोपर पेटीला टेकलं. ती ओरडली नाही. बाळाची दहाही बोटं एकेक करून बघितली, बाळ सारजाबाईकडे दिलं, मगच नळाखाली हात धरला.

"हळद लाव गं, नायतर टूथपेस्ट," सारजाबाई रडवेली होऊन म्हणाली.

"काही नको, आत्याबाई. नुसतं पाणी. वीस मिनिटं." अभय खाली मान घालून उभा होता.

कृष्णा पाण्याची बादली घेऊन आला. "विझवतो हे. उद्याच भंगारात देतो. नको मला हे धुराडं."

बघा, मित्रांनो, मी जिंकले होते. जे हवं होतं ते सगळं झालं होतं. आणि मला त्याचा घासभरही आनंद होईना. नळाखालचा तो लाल झालेला हात मला दिसत होता.

तेवढ्यात आबा उकिडवे बसले आणि धुराकडे डोळे बारीक करून बघू लागले. माळावर जन्मभर आगट्या पेटवलेला माणूस तो.

"थांब रे. नळकांड्यातून धूर निघंना, अन् दारातून उलटा यायलाय. याला खालून वाराच नाय." त्यांनी काठीनं पेटीची कड ठोकत नेली. एका जागी आवाज बदलला. त्यांनी काठीचं टोक मारलं, तशी वाळलेली खपली खाली पडली.

सगळ्यांनी सारजाबाईकडे पाहिलं.

"मला काय ठाव? मला उंदराचं बीळ वाटलं!"

"लोखंडात बीळ पाडणारा उंदीर तुझ्या माहेरचा असंल," आबा म्हणाले.

"चाळीस वर्षं चुली पोतारल्या मी, एक गुदमरली नाय! अन् भोक पाडायचं तर सांगून पाडावं माणसानं."

कृष्णाला हसावं की रडावं कळेना. पेटीतली लाकडं काळी पडून विझत आली होती. नव्यानं पेटवायचं तर पुन्हा धूर, पुन्हा वेळ. तेव्हा नळापाशी उभी असलेली मंजुषा म्हणाली, "शेगडीत निखारे आहेत ना. ते घाला."

कृष्णा फावडं घेऊन माझ्याकडे आला. आदल्या दिवशीची मी असते तर सगळे निखारे राखेखाली दडवले असते. त्या दिवशी मी तसं केलं नाही. त्यानं राख बाजूला सारली आणि मी फुललेले, लालभडक, होते तेवढे सगळे देऊन टाकले. पेटीत ते पडले, खालून वारा आला, आणि जाळानं हुंकार भरला. नळकांड्यातून बारीक, निळसर धूर सरळ वर गेला. आबांनी तो पाहिला आणि काठी खाली ठेवली.

दुपारी रानी काढल्या, तेव्हा मटण हाडावरून आपोआप सुटत होतं. मार्तंडाचं टक्कल उन्हात चमकत होतं. भावकीनं धुराड्याचं कौतुक केलं. माझं कुणी केलं नाही.

दोन दिवसांनी गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. कृष्णानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, तर मंजुषा म्हणाली, "शेगडी जाणार नाही. हिच्याशिवाय तुमचं धुराडं पेटतं का?"

आता दर रविवारी आधी मी पेटते. माझे निखारे तयार झाले की ते त्याला देतात, आणि वाहवा त्याची होते. खोटं कशाला बोलू? मला अजून हेवा वाटतो. पण निखारे मी पुरते देते.

मित्रांनो, नवी वस्तू हौसेनं आणा. फक्त जुनीच्या पोटातली राख तेवढी काढत जा. ओली राख आमचं लोखंड खाते. पावसात आम्हाला छपराखाली घ्या. आणि आम्ही पेटलेल्या असू तेव्हा आमच्यापासून दोन हात लांब खेळा. तुमच्यावर आमची कितीही माया असली तरी तापलेल्या लोखंडाला आपलं लेकरू ओळखू येत नाही. मला तर त्या सकाळी, ते डोळ्यांसमोर असूनही, ओळखू आलं नव्हतं.