आत्या आणि पुठ्ठ्याची खुर्ची

शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी काम दिलं: नुसत्या पुठ्ठ्याची खुर्ची करून आणा. खिळा नाही, डिंक नाही, चिकटपट्टी नाही. पुठ्ठ्याला खाचा पाडायच्या आणि एकात एक अडकवायच्या. तपासायची पद्धतही सरांनी स्वच्छ सांगून टाकली. ते स्वतः प्रत्येक खुर्चीवर बसणार. टिकली तर पास.

चिमणी त्या दिवशी घरी आली ती फ्रिजचं रिकामं खोकं डोक्यावर घेऊनच. घरात तिला चिमणी म्हणत, पण उंची अशी की दारातून आत येताना मान वाकवावी लागे. पहिल्या खुर्चीवर कुणी बसायच्या आधी खुर्चीच बसली. दुसरीने चिमणीचा भार घेतला खरा, पण मग हळूहळू, अगदी अदबीने, एका अंगाला कलत गेली आणि तिला टेबलाखाली सोडून आली. तिसरीच्या वेळी चिमणीला कळलं, की पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवायला हव्यात. मग खुर्ची ठणठणीत उभी राहिली. फक्त मापाची पट्टी उलटी धरल्यामुळे पाठ जरा जास्तच मागे झुकली होती. ते सुधारायला वेळ नव्हता. खुर्ची बैठकीच्या खोलीत ठेवून ती हात धुवायला गेली.

परत येते तो खुर्चीत आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती, त्यामुळे घरात ती शिरली की सगळे आपोआप ताठ उभे राहत. पाठदुखीवर उपचार घ्यायला म्हणून भावाकडे आली होती आणि आल्यापासून तिचं एकाही आसनाशी पटलं नव्हतं. सोफा माणसाला गिळतो, जेवणाच्या खुर्च्या टोचतात, पलंग तर पहिल्यापासूनच आगाऊ आहे, असं तिचं मत होतं.

आता मात्र ती डोळे मिटून गप्प होती. आत्या गप्प आहे म्हटल्यावर चिमणी ओल्या हातांनीच धावत जवळ आली.

"आत्या, काय होतंय?"

"काही होत नाहीये," आत्या म्हणाली. "तेच तर. कुठेच काही होत नाहीये."

"ती माझी कॉलेजची खुर्ची आहे. पट्टी उलटी धरली म्हणून पाठ चुकलीय, पण उद्या द्यायचीय."

"दे की. मी कुठे नाही म्हणतेय?" असं म्हणून आत्याने पाय पसरले.

वडिलांनी मध्यस्थी करून पाहिली. "ताई, पोरीचा अभ्यास आहे तो."

"तुझा अभ्यास मी घेतलाय," आत्या म्हणाली. "तू बोलू नकोस."

जेवण तिथेच झालं. सकाळचा चहाही तिथेच. चिमणी निघायची वेळ झाली तेव्हा आत्या चपला घालून, पर्स काखोटीला मारून तयार होती. खुर्ची जाईल तिकडे ती जाणार होती. टॅक्सीवाल्याने खुर्ची टपावर बांधली, तर सगळी वाट आत्या खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत राहिली.

वर्गात खुर्च्यांची रांगच लागली होती. एक जिराफासारखी, एक गुंडाळलेल्या गादीसारखी, आणि एका मुलाच्या खुर्चीला बसायला जागाच नव्हती. "हे बसण्यावरचं भाष्य आहे," असं तो ज्याला त्याला सांगत होता. सर काडीसारखे बारीक, पण बसायचे मनापासून. जिराफ पहिल्याच दमात मोडला. गादीने सरांना पोटात घेतलं, ते पाय धरून ओढून काढावे लागले. भाष्यावर तर ते बसले तसे थेट जमिनीवर गेले.

आत्या कोपऱ्यात आपल्या जागी बसून हे सगळं बघत होती. तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले. जाड भिंगाचा चष्मा, हात पाठीमागे. ते आत्यापाशी थांबले आणि तिच्याभोवती सावकाश फिरून आले.

"वा," ते म्हणाले. "खुर्चीबरोबर बाईचीही आकृती. कपड्यांच्या चुण्या छान उतरल्यात. हनुवटी थोडी मोठी झालीय, पण चेहरा फार बोलका आहे."

"अजून मी बोललेच कुठे?" आत्या म्हणाली.

परीक्षक मागच्या मागे उडी मारून जिराफाच्या अवशेषांवर बसले. चिमणीला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. सर कपडे झटकत धावत आले.

"काकू, जरा उठता का? मला बसून बघायचंय."

"मी हिची आत्या. तुमची काकू कधी झाले?"

"आत्या," चिमणी रडवेली होऊन म्हणाली, "सर बसले नाहीत तर मी नापास होईन."

आत्याने भाचीकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन ती उठली, आणि उठताना नेहमीसारखी कण्हली नाही, हे फक्त चिमणीच्या लक्षात आलं.

सर बसले. मागे टेकले. सरांनी डोळे मिटले आणि मग ते उठेचनात. परीक्षक म्हणाले, "आता मला बघू द्या." सर म्हणाले, "निरीक्षण चालू आहे." परीक्षक शेजारी उभे राहून चुळबुळ करू लागले. शेवटी आत्याने वसतिगृहातला आवाज काढला. "वेळ संपली. उठा." सर शाळकरी पोरासारखे उभे राहिले, आणि परीक्षक पुढे सरकायच्या आत आत्या खुर्ची उचलून दाराबाहेर होती.

चिमणीला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. त्यातले थोडे सरांनी कापले, कारण फोटो काढायच्या आधीच काम पसार झालं होतं. चिमणीला त्याचं काही वाटलं नाही. आपण केलेल्या वस्तूत कुणीतरी इतकं निवांत बसावं, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आत्याने खुर्चीतूनच विचारलं, "पुढचं काम काय दिलंय?"

"तारेची टोपी."

"माझं डोकं मोठं आहे," आत्या म्हणाली. "आत्ताच माप घेऊन ठेव. पट्टी कशी धरायची ती तुझी तू बघ."